डिग्या चौथीतच आहे

वसमत रोडला टायरच्या दुकानावर आमचा स्टुडिओ.
खाली पंक्चर निघतं,
वर विनोद निघत नाही.

'खटपट्यांचं घर'ला एकोणीस वर्षं झाली.
भाग क्रमांक नऊशे बारा.
फळ्यावर मी लिहिलंय: सुमनचा मिक्सर बिघडतो.
निखत मान वर न करता म्हणते,
"सर, दोनशे सहामध्ये बिघडला होता.
पाचशे चाळीसमध्ये परत.
तेव्हा तुम्ही मिक्सरचा दहावा घातला होता."
खरंय. पिंडाला कावळा शिवला नव्हता,
कारण त्या आठवड्यात कावळा काढायला पैसे नव्हते.

मी पुसतो. मिक्सरच्या जागी कूलर लिहितो.
कूलरही झालाय.
परभणीत कूलर न बिघडता एकोणीस वर्षं जातील कशी?

नारायण खटपटे एस्टीच्या चौकशी खिडकीत बसून
जिंतूरची गाडी कधी लागणार ते सांगत नाही.
पहिल्या भागात हे लोकांना इतकं आवडलं
की त्याने अजून सांगितलेलं नाही.
जगात जर्मनी, भारतात परभणी
आम्ही चौतीस वेळा वापरलं.
पस्तिसाव्या वेळी जर्मनीच दमली.

ज्या पोरांनी डिग्याला बघत बघत दूधभात खाल्ला
त्यातला एक परवा आला,
चॅनेलचा नवा अधिकारी होऊन.
दाढी, लॅपटॉप, भारीचे बूट.
"सर, मी तुमच्यावरच लहानाचा मोठा झालो.
पण आता ते ताजं वाटंना गेलंय."
मग उपाय काढले. एलियन आणा. दुबईला न्या.
कुत्रं बोलकं करा.
मी म्हणालो, डिग्याला पाचवीत घालू.
तो असा बघत राहिला
जसं मी त्याचंच नाव शाळेतून काढतोय.

डिग्याचा आवाज चंद्रकलाबाईंचा.
नातू सहावीत गेला त्यांचा.
रेकॉर्डिंगच्या आधी कोमट पाणी, दम्याचा पंप,
मग डोळे मिटून एकदम नऊ वर्षांच्या होतात:
"मला भूक लागली अन् मला अभ्यास नाही अन् मी कामून जाऊ?"
एका दमाचं वाक्य आता तीन तुकड्यांत येतं.
निखत ते जोडते.
शिवण कुणाला कळत नाही. मला ऐकू येते.

शेजारच्या मुंजाभाऊचं तसं जमलं नाही.
आकाशवाणीतून निवृत्त झालेले गुणवंतराव त्याचा आवाज.
ते गेले, तेव्हा तीन भागांचं बोलणं शिल्लक होतं,
ते आम्ही पुरवून पुरवून वापरलं.
चॅनेल म्हणालं, यंत्रातून हुबेहूब काढून देतो.
दिला. हुबेहूबच होता.
फक्त हसायच्या आधी ते नाकातून
जो बारीकसा सुस्कारा टाकायचे, तो नव्हता.
म्हणून आता मुंजाभाऊ कंपाउंडवरून नुसता हात हलवतो.
दोन वर्षं झाली.
सेलूच्या एका बाईंचं पत्र आलं:
मुंजाभाऊ कुणावर रुसलाय?
उत्तराचा कागद अजून टेबलावर आहे. कोरा.

काल रात्री जुने भाग लावून बसलो,
मिक्सर नेमका कितीदा बिघडला ते मोजायला,
अन् एका जागी थांबलो.
डिग्याची टाच
चपलेच्या बाहेर.
मागे गेलो. साडेसातशेव्या भागात काठावर.
सहाशेमध्ये मापात.
चड्डी तीच, दप्तर तेच, पडलेला दात तोच.
फक्त टाच.

सकाळी निखतला विचारलं.
तिने पेन खाली ठेवला नाही.
"एवढी वर्षं कुणालाच दिसंना गेलं, सर.
मी म्हणलं, तेवढं तरी वाढू द्यावं."

खाली कुणीतरी ट्यूबमध्ये हवा भरत होतं.
मी कूलर पुसला.
लिहिलं: डिग्याला चप्पल घ्यायची.
निखतने यादी चाळली, वरपासून खालपर्यंत,
परत एकदा.
"झालेलं नाही," म्हणाली. "किती नंबरची काढू?"

दोन नंबर मोठीच काढ.
वाढतं अंग आहे.